रेव्ह. स्टीफन हिस्लॉप आणि मांगलीच्या दगडांतील जीव

मृगाचा पाऊस झाला, धानाच्या बांध्या भरल्या, गावाबाहेरील डबक्यांत गढूळ पाणी साचले, म्हणजे थोड्याच दिवसांत त्या पाण्यात नाना प्रकारचे बारीक जीव पोहू लागतात. त्यांपैकी एकाकडे आमच्या वाचकांचे लक्ष क्वचितच गेले असेल. वरवर पाहता तो डाळीएवढा लहान, अर्धवट पारदर्शक असा शिंपला दिसतो. पण शिंपला म्हणावे तर तो बुडाशी स्वस्थ पडून न राहता पाण्यात पोहतो. भिंगाखाली धरून पाहिल्यास त्या दोन झाकणांच्या आत मऊ मांसाचा गोळा नसून डोळे, मिशा आणि पायांच्या अनेक जोड्या असलेला एक प्राणी दडून बसलेला आढळतो. तो शिंपल्याचा सोयरा नव्हे. झिंगा व खेकडा ह्यांच्या कुळातला आहे, आणि शिंपल्याचे घर त्याने केवळ पांघरले आहे. मराठीत त्यास रूढ नाव आमच्या ऐकिवात नाही. इंग्रज लोक त्यास शिंपल्यातील झिंगा अशा अर्थाचे नाव देतात. आपणही ह्या लेखापुरते त्यास शिंपझिंगा म्हणू.

ह्या शिंपझिंग्याच्या एका जिवंत जातीस जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत नागपूरच्या एका मिशनऱ्याचे नाव आहे, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड होऊन गेलेल्या दुसऱ्या एका जातीस नागपूरच्या दक्षिणेकडील एका खेड्याचे नाव आहे. ही दोन्ही नावे ज्या एका पुरुषामुळे पडली, ते रेव्ह. स्टीफन हिस्लॉप होत. नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे नाव ज्याने ऐकले नाही असा मनुष्य विरळा. पण ज्यांच्या नावाचे ते कॉलेज, त्यांनी ह्या देशातील दगडधोंड्यांस बोलते केले, ही गोष्ट आमच्या मंडळ्यांत फारशी ठाऊक नाही. म्हणून ती येथे सांगतो.

हिस्लॉप ह्यांचा जन्म स्कॉटलंड देशात, बेरिकशायर परगण्यातील डन्स ह्या गावी, ता. ८ सप्टेंबर १८१७ रोजी झाला. त्यांचे वडील व्यवसायाने गवंडी असून मंडळीत वडीलपणाचे काम पाहत. पुढे जो मुलगा दगडाचा एकेक थर वाचू शकला, तो गवंड्याच्या घरात वाढला, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्यांचे थोरले बंधू अलेक्झांडर हेही पाळक झाले व ग्रंथकार म्हणून प्रसिद्धीस आले. स्टीफन ह्यांचे शिक्षण एडिंबरो व ग्लासगो येथील विद्यापीठांत झाले, आणि ईश्वरज्ञानाचा अभ्यास त्यांनी थोर डॉक्टर थॉमस चामर्स ह्यांच्या हाताखाली केला.

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. पृथ्वीचे थर व त्यांत सापडणारे मेलेले जीव ह्यांचा अभ्यास त्या काळी वाढत होता, आणि त्यामुळे पवित्र शास्त्रास धक्का लागेल असे भय पुष्कळ भाविकांस वाटत असे. आमच्या खेड्यांतही असे भय बाळगणारे आहेत. परंतु चामर्स ह्यांनी ह्याच्याही पूर्वी, १८०४ सालीच, असे प्रतिपादिले होते की मोशेचे लेख पृथ्वीचे वय ठरवीत नाहीत. चामर्सांसारखा गुरू लाभलेल्या विद्यार्थ्यास मंदिरातून बाहेर पडून डोंगरावर जाताना आपण एका ठिकाणची श्रद्धा दुसऱ्या ठिकाणी टाकून आलो असे वाटण्याचे कारण नव्हते. हिस्लॉप ह्यांच्या आयुष्यात उपदेश आणि दगडांचा शोध ही दोन कामे इतकी सहज शेजारी नांदली, त्याचे मूळ येथे असावे असे आम्हांस वाटते.

१८४३ साली स्कॉटलंडच्या मंडळीत मोठी फूट पडली. मंडळीचा पाळक नेमण्यात जमीनदाराचा व सरकारचा हात असू नये, ह्या तत्त्वासाठी साडेचारशेंहून अधिक पाळकांनी आपले वेतन व राहती घरे सोडली आणि स्वतंत्र अशी फ्री चर्च स्थापिली. हिस्लॉप तिच्या बाजूस गेले. पुढच्याच वर्षी त्यांची नागपूरच्या कामासाठी निवड झाली. मद्रासी पलटणीतील विल्यम हिल नावाच्या एका अधिकाऱ्याने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ ह्या प्रांती मिशन सुरू व्हावे म्हणून मोठी देणगी दिली होती, तिच्या आधारावर हे काम उभे राहिले. हिस्लॉप ह्यांचा विवाह १८४४ साली झाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पतिपत्नी मुंबईस उतरली. १८४५ च्या फेब्रुवारीत ती नागपुरास पोहोचली.

तेव्हाचे नागपूर म्हणजे भोसल्यांचे राज्य. आगगाडी येथे येण्यास अजून बावीस वर्षांचा अवकाश होता. मुंबईहून जे काही यायचे ते गाडीरस्त्याने, सह्याद्रीचे घाट चढून व वऱ्हाडची काळी माती तुडवून. हिस्लॉप ह्यांनी मराठी शिकून घेतली, १८४६ साली नागपूर शहरात शाळा उघडली, बाजारांत व खेड्यांत उपदेश चालविला. हिवाळ्यात गावोगाव फिरावे, पावसाळ्यात शाळेत शिकवावे, असा क्रम होता. १८४७ साली रेव्ह. रॉबर्ट हंटर हे त्यांचे सहकारी म्हणून येऊन मिळाले. हे हंटरही सृष्टिज्ञानाचे मोठे रसिक. पुढे प्रकृती बिघडल्यामुळे त्यांस स्वदेशी परतावे लागले, आणि तेथे त्यांनी इंग्रजी भाषेचा एक प्रचंड कोश रचला. पण नागपुरात असता हे दोघे मित्र सायंकाळी फिरावयास निघत, तेव्हा त्यांची दृष्टी रस्त्यापेक्षा रस्त्याकडेच्या दगडांवर अधिक असे.

१८५१ च्या सुमारास शहराच्या बाहेर टाकळीच्या माळावर त्यांस दगडात गोड्या पाण्यातील गोगलगायीचे कवच आढळले. ज्यांस नागपूरची माहिती आहे ते जाणतात की सीताबर्डीची टेकडी काळवथरी दगडाची आहे. हा काळा दगड ज्वालामुखीच्या तप्त रसापासून झालेला. रस निवून दगड झाला, त्यावर पुन्हा रस वाहत आला, असे एकावर एक थर चढून आपली सह्याद्रीपासून नागपूरपर्यंतची भूमी घडली. आता ज्या दगडाचा जन्म आगीतून झाला, त्यात गोगलगाय कोठून यावी? हिस्लॉप व हंटर ह्यांनी बारकाईने पाहिले तेव्हा दिसून आले की दोन काळ्या थरांच्या मध्ये एक पातळ, मातकट थर आहे, आणि जे काही जीव सापडतात ते त्या थरात. ह्याचा अर्थ असा की एका उद्रेकानंतर दुसरा होईपर्यंत मध्ये पुष्कळ काळ गेला. त्या काळात निवलेल्या दगडावर तळी साचली, झाडे वाढली, किडे-भुंगेरे उडाले, गोगलगायी चरल्या. मग पुन्हा आगीचा पूर आला आणि ते सर्व झाकून गेला. टाकळीच्या त्या थरातून त्यांस फळे, बिया, लाकूड, भुंगेऱ्यांच्या पाठीवरील कठीण पंख आणि नाना जातींची कवचे मिळाली. गवतासारखा हिरवा असा एक खडूच्या जातीचा खनिज पदार्थही त्यांनी शोधला. डब्लिनच्या हॉटन नावाच्या विद्वानाने १८५९ साली त्यास हिस्लॉपाइट असे नाव दिले.

ही गोडी लागल्यावर त्यांचा शोध टाकळीपुरता राहिला नाही. उपदेशाच्या दौऱ्यावर ज्या ज्या गावी मुक्काम पडे तेथील विहिरी, नाले, खाणी ते पाहत. कामठी, सिलेवाडा, भरतवाडा येथील वालुकामय दगडांत त्यांस पानांचे ठसे सापडले. ह्यांतील काही पाने बंगालातील बरद्वानच्या कोळशाजवळ सापडणाऱ्या पानांसारखी होती. त्यावरून छिंदवाड्याकडील उमरेठचा कोळसा, नागपूरचा हा पानांचा दगड आणि बरद्वानचा कोळसा हे एकाच मालिकेतील आहेत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. तो खरा ठरला. पुढे ह्या सर्व थरांस गोंडवाना हे नाव पडले, आणि आज शाळेतील पोर नकाशावर ज्या प्राचीन खंडाचे नाव वाचते ते ह्याच नावावरून आलेले आहे. ह्या पानांपैकी एका जातीस बनबरी नावाच्या शास्त्रज्ञाने १८६१ साली हिस्लॉप ह्यांचे नाव दिले.

नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ६० मैलांवर मांगली नावाचे खेडे आहे. तेथील तांबूस दगडात हिस्लॉप व हंटर ह्यांस एका प्राण्याची चपटी कवटी मिळाली. ती त्यांनी लंडनास धाडली. रिचर्ड ओवेन, ज्यांनी १८४२ साली डायनोसॉर हा शब्द प्रथम प्रचारात आणला, त्यांनी ती तपासून सांगितले की बेडकाच्या दूरच्या नातलगांपैकी, पाण्यात व काठावर राहणारा हा एक नष्ट झालेला प्राणी आहे. त्याचे तोंड आखूड व डोके रुंद, म्हणून त्याच अर्थाचे ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव त्यांनी ठेविले. ती कवटी आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. पण त्याच मांगलीच्या दगडात कवटीपेक्षा कितीतरी अधिक संख्येने दुसरीच एक वस्तू होती. दगडाचा पापुद्रा सोडवला की त्यावर नखाएवढ्या व त्याहून लहान शिंपल्यांचे ठसे दिसत, अंगावर बारीक वर्तुळाकार रेषा असलेले.

हे शिंपले कोणाचे? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण त्यावर फार काही अवलंबून होते. अशाच दिसणाऱ्या ठशांस युरोपातील पंडितांनी पूर्वी समुद्रातील एका शिंपल्याच्या वर्गात घातले होते. मांगलीचे शिंपले समुद्रातले ठरले, तर नागपूरच्या दक्षिणेस एके काळी समुद्र होता असे मानावे लागेल, आणि सर्व थरांचा इतिहास त्याप्रमाणे लिहावा लागेल. पण ते शिंपझिंग्याचे ठरले, तर तेथे गोडे किंवा मचूळ पाणी, तळी व डबकी होती, असे म्हणावे लागेल. डाळीएवढ्या वस्तूवर समुद्र असणे वा नसणे टांगलेले होते.

ह्याचा निवाडा करण्यास त्या काळी जो मनुष्य सर्वांत योग्य होता, त्याचे नाव टॉमस रुपर्ट जोन्स. हे मूळचे शस्त्रवैद्य. पुढे लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे साह्यकारी चिटणीस होऊन तिचे त्रैमासिक पाहत असत. ह्याच त्रैमासिकात हिस्लॉप व हंटर ह्यांचा नागपूरच्या थरांवरील मोठा लेख १८५५ साली छापला गेला होता. जोन्स ह्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन ह्या ठशांचा पिच्छा पुरविला. त्यांची पारख कशी चाले, हे थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे.

खऱ्या शिंपल्याची दोन झाकणे जेथे जुळतात तेथे खाचा व दाते असतात, दाराच्या बिजागरीप्रमाणे. शिंपझिंग्याच्या झाकणांस असे दाते नसतात. शिंपला चुन्याचा असतो. शिंपझिंग्याचे कवच नखासारख्या चिवट पदार्थाचे असून त्यात हाडात असणारा क्षार मिसळलेला असतो. म्हणून त्याचा दगडातील ठसा पातळ, सुरकुतलेला, कधी कधी तपकिरी चकाकीचा दिसतो. अंगावरील वर्तुळाकार रेषांचे कारणही वेगळे आहे. झिंगा वाढताना जुनी कात टाकतो हे नदीकाठच्या प्रत्येक मनुष्यास ठाऊक आहे. शिंपझिंगाही कात टाकतो. पण पाय, मिशा व अंग ह्यांची तेवढी. पाठीवरचे जुने झाकण तो तसेच राहू देतो आणि त्याच्याखाली थोडे मोठे असे नवे जोडतो. त्यामुळे जितक्या वेळा कात तितक्या रेषा, जसे बैलाच्या शिंगावर वेढे.

ह्यावरून तो शिंपझिंगा आहे एवढे ठरले. पण कोणत्या जातीचा? त्यासाठी कवचाची बाह्यरेषा गोल की लांबट, त्याचे टोक पुढच्या कडेस किती सरकलेले आहे, रेषा किती व एकमेकींपासून किती अंतरावर, हे पाहतात. सर्वांत महत्त्वाची खूण मात्र उघड्या डोळ्यांस दिसत नाही. दोन रेषांमधील पट्टीत अतिशय बारीक नक्षी असते; एका जातीत ती मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार, दुसरीत उभ्या बारीक कंगोऱ्यांची. कोष्ट्याच्या हातची विण ओळखून लुगडे कोणत्या गावचे ते जाणती बाई सांगते, तशी ही परीक्षा आहे. आणि तिच्यात फसगतीही पुष्कळ. चिखलाचा दगड होताना वरून भार पडतो, त्यामुळे गोल कवच लांबट व लांबट कवच गोल झालेले असते. पिल्लाचे रूप निराळे, मोठ्याचे निराळे. कित्येक जातींत नराचे व मादीचे कवचही सारखे नसते. ज्याने घाई केली त्याने एका जातीच्या चार केल्या, किंवा चारांची एक. आजही ह्या विषयाचे अभ्यासक जुन्या नावांपैकी किती खरी व किती फुगविलेली, हे पुन्हा पुन्हा तपासीत असतात.

जोन्स ह्यांनी १८६२ साली अशा अश्मीभूत शिंपझिंग्यांवर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मांगलीच्या ठशांस त्यांनी इस्थेरिया मांगलिएन्सिस, म्हणजे मांगलीची इस्थेरिया, असे नाव दिले. प्राणहिता नदीच्या काठी, सिरोंच्याजवळ, कोटा नावाचे गाव आहे. तेथील दगडातूनही हिस्लॉप ह्यांनी असे ठसे मिळविले होते. त्यांची जात निराळी, म्हणून नाव इस्थेरिया कोटाहेन्सिस. शास्त्रीय नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द कुळासारखा, दुसरा त्या जातीचा स्वतःचा. ज्याने आधी नाव दिले त्याचे नाव चालते; सातबाऱ्यावर ज्याची नोंद आधी, त्याचा हक्क. ह्याच नियमाने इस्थेरिया हा पहिला शब्द पुढे सोडावा लागला, कारण १८३० सालीच तो एका माशीच्या कुळास दिला गेला होता. पण मांगली व कोटा ही दुसरी अंगे कायम राहिली. जेथे ह्या विषयाचा ग्रंथ आहे तेथे ह्या दोन खेड्यांची नावे आहेत. दगड फोडणाऱ्यांची, ते पाठीवर व गाडीत घालून आणणाऱ्यांची नावे मात्र ह्या नावांत नाहीत, आणि त्यांच्यावाचून लंडनच्या सूक्ष्मदर्शकाखाली काहीच पोहोचले नसते, हे आम्ही आमच्या वाचकांस सांगून ठेवतो.

मांगलीचा दगड आज सुमारे २५ कोटी वर्षांचा मानतात, म्हणजे डायनोसॉर निपजण्याच्या थोडा आधीचा. कोट्याचा दगड त्यानंतरचा, १७ ते १९ कोटी वर्षांचा, जेव्हा ते महाकाय प्राणी ऐन भरात होते. कोट्याच्याच थरांतून, आज तेलंगणात असलेल्या भागात, एका प्रचंड वनस्पत्याहारी डायनोसॉरची पुष्कळ हाडे निघाली आणि १९७५ साली त्यास बारापासॉरस हे नाव मिळाले. ज्या तळ्यांच्या काठी तो चरत असे त्यांच्या गाळात हे डाळीएवढे जीव अंडी घालीत होते. डायनोसॉर गेले, शिंपझिंगे राहिले. त्याचे एक कारण त्यांच्या अंड्यांत आहे. डबके आटले म्हणजे ती मातीत सुकून वर्षानुवर्षे पडून राहतात, आणि पाऊस लागताच पुन्हा फुटतात. पॉल टाश नावाच्या अमेरिकी संशोधकाने हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका व बर्फाने झाकलेले दक्षिण ध्रुवाचे खंड येथील असे ठसे ताडून पाहिले आणि ही खंडे एके काळी जोडलेली होती, ह्याचा पुरावा म्हणून १९८७ साली त्यांवर मोठा ग्रंथ लिहिला.

हिस्लॉप ह्यांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी मेलेल्यांबरोबर जिवंतांकडेही पाहिले. नागपूरच्या पाण्यातील बारीक जीव गोळा करून त्यांनी ते ब्रिटिश म्युझियममधील विल्यम बेअर्ड ह्यांजकडे धाडले. बेअर्ड हे अशा जीवांचे जाणते, आणि योगायोगाने हिस्लॉप ह्यांच्याच बेरिकशायरचे. १८५९ साली त्यांनी त्यांतील एका नव्या शिंपझिंग्यास इस्थेरिया हिस्लोपाय असे नाव दिले. ह्या जातीचे कवच जवळजवळ वाटोळे असते, आणि तिची आणखी एक तऱ्हा विलक्षण आहे: मादी आपली पिले पाठीवरील कवचाच्या आतच वाढविते व ती पुरती घडल्यावर बाहेर सोडते.

ह्या सर्व कामात हिस्लॉप चुकले नाहीत असे नाही. पानांचा दगड त्यांनी ज्युरासिक काळाचा मानला. तो पुष्कळच जुना निघाला. टाकळीचा मधला थर त्यांनी डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतरच्या काळात घातला, आणि १८६० सालच्या आपल्या लेखाच्या मथळ्यातच तसे म्हटले. आज तो थर सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचा, त्या प्राण्यांच्या अगदी शेवटल्या दिवसांतला, असे ठरले आहे. वरोड्याजवळ पिसदुरा येथे त्यांस मोठमोठी हाडे मिळाली होती. ती कोणाची हे त्यांस कळण्यास साधन नव्हते. पुढे त्याच गावी मिळालेल्या शेपटीच्या मणक्यांवरून लिडेकर ह्यांनी १८७९ साली डायनोसॉरची एक जात वर्णिली. म्हणजे ज्या प्राण्यांच्या हाडांवर हिस्लॉप ह्यांचा हात पडला होता, त्यांच्या काळाचा अंदाज त्यांचा स्वतःचा चुकलेला होता. पण दगड कोणत्या गावचा, कोणत्या थरातला, त्याच्यावर काय व त्याच्याखाली काय, हे त्यांनी इतके नीट लिहून ठेविले होते की दुसऱ्यांस ती चूक सुधारता आली. गोदावरीकडील मलेरी गावच्या फुप्फुसवाल्या माशाचे दात व सुसरीसारख्या एका प्राण्याची हाडे ह्यांसही पुढे त्यांचेच नाव मिळाले.

शाळा व उपदेश ही कामे ह्या काळात थांबली नव्हती. हंटर गेल्यावर पुष्कळ भार त्यांच्या एकट्यावर पडला. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निवर्तले, पुढील वर्षी राज्य खालसा झाले. १८५७ चे वादळ आले व गेले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. ह्या सर्व घालमेलीत हिस्लॉप गोंड लोकांमध्ये फिरत राहिले. त्यांचे शब्द, त्यांच्या देवांची नावे, त्यांच्या चालीरीती आणि लिंगो नामक पुरुषाची त्यांची दीर्घ गाथा हिस्लॉप ह्यांनी गाणाऱ्यांच्या तोंडून उतरून घेतली. दगडातील ठशाची नोंद ज्या काळजीने करीत त्याच काळजीने.

प्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल हे त्यांच्या ज्ञानाची कदर करणारे होते. १८६३ च्या सप्टेंबरात नागपूरच्या दक्षिणेस सुमारे २० मैलांवर टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यास टेंपल निघाले, व हिस्लॉप त्यांच्याबरोबर गेले. ही वर्तुळे म्हणजे पूर्वीच्या कोणा लोकांच्या दफनाच्या जागा; मोठमोठे धोंडे गोलाकार मांडलेले, आणि खणले असता आत मडकी व लोखंडी हत्यारे निघत. ता. ४ रोजी पाहणी झाल्यावर मंडळी बोरीच्या मुक्कामास निघाली. हिस्लॉप मात्र तेथील गावची शाळा तपासण्यासाठी मागे राहिले. काम आटोपून ते घोड्यावर एकटेच निघाले तेव्हा अंधार पडला होता. वाटेत एक नाला होता. सकाळी त्यात फारसे पाणी नव्हते; संध्याकाळी पूर चढला होता.

मुक्कामावर घोडा आला, पण त्याच्या पाठीवर स्वार नव्हता. लोक दिवे घेऊन धावले. हिस्लॉप ह्यांचा देह त्या नाल्याच्या पाण्यात मिळाला. त्यांचे सेहेचाळीसावे वर्ष पुरे होण्यास चार दिवस उरले होते. मांगली व कोटा ही नावे छापून निघाल्यास जेमतेम एक वर्ष झाले होते.

त्यांच्या मागे राहिलेले गोंड लोकांविषयीचे कागद टेंपल ह्यांनी स्वतः संपादून १८६६ साली छापविले. लिंगोची गाथा मूळ गोंडी शब्दांसह त्यात आहे. शाळेचे पुढे कॉलेज झाले व १८८३ साली त्यास त्यांचे नाव मिळाले. १८८८ साली जॉर्ज स्मिथ ह्यांनी त्यांचे चरित्र लिहिले. त्याच्या आदल्या वर्षी नॉर्वे देशातील सार्स नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियातून आलेला सुका चिखल पाण्यात भिजत घातला. थोड्या दिवसांनी त्यातून वाटोळ्या कवचाचे बारीक जीव पोहत वर आले. नागपूरचीच ती जात होती. सार्स ह्यांनी तिच्यासाठी सायक्लेस्थेरिया असे नवे कुळ केले, आणि दुसरा शब्द, हिस्लोपाय, होता तसा ठेविला.